आधी वस्तू, मग पैसे

१९२७ साली न्यूयॉर्कमध्ये दोन खंडांचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय होता हप्त्यांवरची खरेदी. लेखक एडविन सेलिग्मन हे कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक, करपद्धतीच्या अभ्यासातले अधिकारी पुरुष. मराठी वाचकाचे त्यांच्याशी एक जुने नाते आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या भीमराव आंबेडकरांचे ते गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा आंबेडकरांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. सरकारी तिजोरीचा असा गाढा अभ्यासक दोनच वर्षांनी मोटारींच्या आणि शिलाई यंत्रांच्या हप्त्यांकडे वळला, याचे कारण त्या काळच्या अमेरिकेत शोधावे लागते.

हा अभ्यास करायला सेलिग्मन यांना सांगितले ते जनरल मोटर्स कंपनीच्या आर्थिक कारभाराचे सूत्रधार जॉन रॅस्कॉब यांनी. १९१९ साली रॅस्कॉब यांच्या पुढाकाराने जनरल मोटर्सने गिऱ्हाइकांना मोटारीसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली होती. धंदा जोरात होता, पण टीकाही तितकीच होती. कर्ज काढून चैन करायला लोकांना शिकवता, बचतीची सवय मोडता, असे आक्षेप बँकवाले, धर्मोपदेशक आणि वर्तमानपत्रे घेत होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण अमेरिकेतही पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली होती. तेव्हा एखाद्या मान्यवर अर्थशास्त्रज्ञाने हा प्रश्न तपासावा, अशी रॅस्कॉब यांची इच्छा होती. सेलिग्मन यांचा निष्कर्ष कंपनीला सोयीचा ठरला. उत्पादनासाठीचे कर्ज चांगले आणि उपभोगासाठीचे वाईट, हा जुना भेद टिकत नाही. दरमहा हप्ता भरायचा आहे या जाणिवेने कुटुंब अधिक नेटाने कमावते आणि अधिक शिस्तीने खर्च करते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अमेरिकेचे १९२० चे दशक म्हटले की जॅझ, आखूड केसांच्या मुली, चोरटी दारू, शिकागोचे गुंड आणि अखेर शेअर बाजाराचा कोसळता आलेख एवढेच डोळ्यांसमोर येते. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ते चित्र पक्के केले आहे. ते खोटे नाही. पण त्या दशकाने अमेरिकेच्या सामान्य घरात जी उलथापालथ केली, तिच्यापुढे ही सगळी दृश्ये दुय्यम आहेत. आयुष्यभर आधी पैसे साठवून मग वस्तू घेणारा समाज दहा वर्षांत आधी वस्तू घेऊन मग पैसे फेडू लागला. भरभराट त्यावर उभी राहिली, संस्कृतीचा तोंडवळा त्याने बदलला, आणि पडझड झाली तेव्हा ती दिवाणखान्यापर्यंत पोहोचली तीही त्याच वाटेने. पुढील विवेचन समजून घेताना हा धागा हाती धरला, तर विखुरलेल्या घटना एकमेकींशी बोलू लागतात.

दशकाची सुरुवात मात्र भरभराटीने झाली नाही. पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले. पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ, १९१९ चे संप, साम्यवाद्यांच्या धास्तीने झालेली धरपकड, आणि १९२०-२१ ची जबर मंदी. घाऊक किमती एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरल्या. त्यातून उद्योग लवकर सावरले, शेती सावरली नाही. त्याच १९२० सालच्या जनगणनेत देशाच्या इतिहासात पहिल्यांदा शहरवासी खेडुतांपेक्षा जास्त भरले. ही शहरे म्हणजे सगळीच न्यूयॉर्क-शिकागो नव्हेत. अडीच हजार वस्तीचे गावही त्या मोजणीत शहर धरले गेले होते. पण देशाचा कल कुठे आहे ते स्पष्ट झाले.

कारखान्यांत वाफेची जागा वीज घेत होती. १९२० साली तीन घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती, १९३० पर्यंत तीनपैकी दोन घरांत ती आली. विजेमागून इस्त्री, झाडू-यंत्र, धुलाई-यंत्र, रेडिओ आणि शीतकपाट अशी रांगच लागली. सरकारही उद्योगांच्या बाजूचे होते. अँड्र्यू मेलन हे पिट्सबर्गचे धनाढ्य बँकर १९२१ पासून अर्थमंत्री होते. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर युद्धानंतर ७३ टक्के होता, तो त्यांच्या काळात २५ टक्क्यांवर आला. हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर या तिन्ही अध्यक्षांनी त्यांना पदावर ठेवले, यावरून उद्योगांचा शब्द किती चालत होता ते कळते.

मोटारीजवळ थोडे थांबायला हवे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी-रांग सुरू झाली. पूर्वी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम ९३ मिनिटांवर आले. कामगार जागेवर उभा आणि काम त्याच्यापुढे सरकत येणार, अशी ही रचना. काम इतके कंटाळवाणे झाले की माणसे टिकेनात. म्हणून १९१४ च्या जानेवारीत फोर्ड यांनी दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. १९२५ पर्यंत मॉडेल टीच्या सर्वांत स्वस्त गाडीची किंमत २६० डॉलरवर उतरली होती. कुशल कामगाराच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईत मोटार, ही गोष्ट त्या वेळी जगात दुसरीकडे कुठेही शक्य नव्हती.

पण याच फोर्डना कर्ज नावाची गोष्ट मनापासून नापसंत होती. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या माणसाला हप्त्यांची विक्री अनीतीची वाटे. जनरल मोटर्स हप्त्यांवर गाड्या खपवू लागली, तेव्हा १९२३ साली फोर्ड यांनी स्वतःची साप्ताहिक योजना आणली. गिऱ्हाइकाने दर आठवड्याला ५ डॉलर बँकेत जमा करायचे, त्यावर व्याज मिळणार, आणि पूर्ण किंमत साठली की गाडी घरी न्यायची. योजना सचोटीची होती, गिऱ्हाइकाला कर्जात न लोटणारी होती, आणि ती पडली. शेजाऱ्याच्या दारात शेव्हरले उभी असताना वर्षभर पासबुकात आकडे बघत बसायला कोण तयार होणार? जनरल मोटर्सचा व्यवहार सरळ होता. किमतीचा तिसरा हिस्सा रोख, उरलेली रक्कम साधारण बारा हप्त्यांत, गाडी मात्र आजच.

जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी याला दुसरी जोड दिली. शेव्हरलेपासून कॅडिलॅकपर्यंत ऐपतीप्रमाणे गाड्यांची उतरंड त्यांनी लावली, रंग दिले, दरवर्षी रूप बदलले, आणि जुनी गाडी परत घेऊन नवीच्या किमतीत वळती करण्याची सोय केली. फोर्ड कित्येक वर्षे एकाच काळ्या रंगावर अडून होते. मे १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या काढून मॉडेल टी बंद झाली, नव्या मॉडेलच्या तयारीसाठी कारखाने अनेक महिने थांबले. १९२८ साली फोर्ड यांनीही कर्ज देणारी कंपनी काढली. जगातल्या सर्वांत श्रीमंत उद्योगपतींपैकी एकाला गिऱ्हाइकांच्या अधीरतेपुढे माघार घ्यावी लागली, ही त्या दशकातली मोठी घटना आहे. तिचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात फारतर एका ओळीत असतो. 

दशकाच्या मध्यावर विकल्या जाणाऱ्या दर चार मोटारींपैकी जवळपास तीन हप्त्यांवर जात होत्या. दशक संपता संपता सव्वादोन कोटींहून अधिक खासगी मोटारी रस्त्यांवर होत्या. त्यांच्यामुळे पोलाद, काच, रबर आणि तेल हे धंदे वाढले, पेट्रोल पंप आले, रस्ते आले. १९२६ साली देशभरच्या महामार्गांना क्रमांक मिळाले.

या बदलाने घरात काय केले, ते पाहायला रॉबर्ट आणि हेलन लिंड हे दांपत्य १९२४ साली इंडियाना राज्यातल्या मन्सी या मध्यम शहरात जाऊन राहिले. त्यांचा ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ १९२९ साली आला. मोडकळीला आलेल्या घरांत राहणाऱ्या, पण दारात मोटार असलेल्या २६ कुटुंबांकडे त्यांनी चौकशी केली; त्यांतल्या २१ घरांत अंघोळीचा टब नव्हता. एका बाईने सांगितले की कपड्यांवाचून राहू, पण गाडी सोडणार नाही. पाद्र्यांची तक्रार होती की रविवारी लोक चर्चऐवजी गाडी काढून बाहेरगावी जातात. आईबापांची काळजी वेगळी होती: मुले रात्री गाडी घेऊन कुठे जातात? या माणसांना चैनी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. दिवसभर यंत्रापुढे एकच हालचाल करणाऱ्या कामगाराला आणि घरात अडकून पडलेल्या त्याच्या बायकोला आयुष्यात पहिल्यांदाच मनाला येईल तिकडे जाण्याची मुभा मिळाली होती. त्या मुभेची किंमत मोजायला ही माणसे तयार होती, इतकेच.

रेडिओने हेच काम घरबसल्या केले. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले, तेव्हा ऐकणारे मूठभर हौशी होते. १९२६ साली एनबीसी आणि पुढच्या वर्षी सीबीएस ही जाळी उभी राहिली. १९३० च्या जनगणनेत घरी रेडिओ आहे का, असा प्रश्न सरकारनेच विचारला. पाचपैकी दोन घरांनी होकार दिला. पहिल्यांदाच एक अख्खा देश एकाच संध्याकाळी एकच गाणे, एकच विनोद आणि साबणाची एकच जाहिरात ऐकत होता. १९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला, तो शिकागोच्या केंद्राने थेट ऐकवला. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिसला उडत गेला आणि एका दिवसात जगाचा लाडका झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ने पडद्याला बोलके केले.

जाहिरातीचा धंदा याच दशकात वयात आला. लोकांना वस्तू हवी आहे की नाही हे बघण्याऐवजी ती हवीशी कशी करायची, याचे शास्त्र झाले. प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी ३१ मार्च १९२९ रोजी ईस्टरच्या मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि ते स्त्रीस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून वर्तमानपत्रांत झळकवले. मागे पैसा तंबाखू कंपनीचा होता. ब्रूस बार्टन या जाहिरातवाल्याने येशू ख्रिस्ताला कुशल संघटक आणि विक्रेता म्हणून रंगवणारे पुस्तक १९२५ साली लिहिले, आणि ते त्या काळातल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गेले. एखाद्या समाजाला आपला देवही दुकानदाराच्या वेषात पाहावासा वाटतो, ही गोष्ट गंभीरपणे घेण्याजोगी आहे. सिन्क्लेअर लुइस यांनी ‘बॅबिट’ या १९२२ च्या कादंबरीत जमिनींचा दलाल नायक केला, तो याच समाजाकडे डोळसपणे पाहून.

स्त्रियांच्या मताधिकाराचा निर्णय १९२० च्या ऑगस्टमध्ये टेनेसीच्या विधिमंडळात लागला. मते समसमान पडत होती. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न हा सर्वांत तरुण सदस्य विरोधकांचा लाल गुलाब कोटाला लावून बसला होता, पण खिशात आईचे पत्र होते. घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दे, असे तिने लिहिले होते. त्याने ते ऐकले आणि एकोणिसावी दुरुस्ती मंजूर झाली. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना मात्र मतपेटीपर्यंत जायला आणखी चार दशके झगडावे लागले. १९३० पर्यंत एक कोटीहून अधिक स्त्रिया पगारी काम करत होत्या: टंकलेखिका, टेलिफोन चालक, दुकानातल्या विक्रेत्या, शिक्षिका आणि अजूनही फार मोठ्या संख्येने घरकाम करणाऱ्या. आखूड केस आणि आखूड झगा ही त्यांच्यातल्या तरुण, शहरी, गोऱ्या मुलींची खूण होती; सगळ्यांची नव्हे.

दारूबंदीवर इतके लिहिले गेले आहे की येथे फार थांबण्याचे कारण नाही. १७ जानेवारी १९२० रोजी ती अमलात आली, ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. दरम्यान चोरट्या गुत्त्यांनी पोलिसांना आणि नगरसेवकांना विकत घेतले. शिकागोतल्या टोळीयुद्धात १४ फेब्रुवारी १९२९ रोजी सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. तिथल्या गुंडांचा म्होरक्या अल कपोन याला शेवटी तुरुंगात टाकले ते प्राप्तिकर चुकवल्याच्या गुन्ह्याखाली.

दक्षिणेतून उत्तरेकडे चाललेल्या काळ्या माणसांच्या स्थलांतराला मात्र जागा द्यायलाच हवी, कारण आज ज्याला आपण अमेरिकी संस्कृती म्हणून ओळखतो तिचा मोठा भाग त्या आगगाड्यांतून आला. कापसाची शेती, कर्ज आणि झुंडीने फासावर चढवण्याचे प्रकार मागे टाकून लाखो माणसे शिकागो, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्कला आली. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ साली न्यू ऑर्लीन्सहून शिकागोला आला आणि १९२५ पासून त्याने हॉट फाइव्ह या वाद्यमेळ्यासह ज्या तबकड्या मुद्रित केल्या, त्यांनी जॅझचे व्याकरणच ठरवले. गायिका बेसी स्मिथची पहिली तबकडी १९२३ साली लाखोंनी खपली. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीभोवती फुललेल्या लेखनाचे ‘द न्यू नीग्रो’ हे संकलन अॅलन लॉक यांनी १९२५ साली काढले, पुढच्या वर्षी लँग्स्टन ह्यूज यांचा पहिला कवितासंग्रह आला. १९२७ च्या डिसेंबरात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद हार्लेमच्याच कॉटन क्लबमध्ये वाजू लागला. मंचावर सगळे काळे कलावंत आणि प्रेक्षागृहात फक्त गोऱ्यांना प्रवेश, असा तिथला नियम होता. दशकाला जॅझ युग म्हणणाऱ्याने हा नियम विसरू नये.

त्याहून भयंकर घडले ते ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात. ग्रीनवुड ही काळ्या व्यापाऱ्यांची आणि डॉक्टरांची भरभराटीला आलेली वस्ती होती. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्यांच्या झुंडीने ती जाळून टाकली. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणारी संघटना या दशकात दक्षिणेबाहेर पसरली, तिचे सदस्य लाखांच्या घरात गेले, आणि ८ ऑगस्ट १९२५ रोजी हजारो सदस्यांनी राजधानीत उघड्या तोंडाने संचलन केले. बुरख्याची गरज वाटली नाही, इतकी मान्यता मिळाली होती. ज्या फोर्डनी कामगाराला मोटार दिली, त्यांच्याच मालकीचे ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे साप्ताहिक कित्येक वर्षे ज्यूंविरुद्ध विष ओकत होते. १९२७ साली त्यांना माफी मागावी लागली.

हा द्वेष कायद्यातही उतरला. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशात जन्मलेल्यांच्या २ टक्क्यांवर आणला. १८९० हे साल मुद्दाम निवडले होते, कारण त्यानंतरच इटली, पोलंड आणि रशियातून मोठी आवक झाली होती. आशियातून येणाऱ्यांना तर दारच बंद झाले. हिंदी माणसाला ते १९१७ पासूनच बंद होते.

जे आधी येऊन राहिले होते त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिले. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. आपण शास्त्रीय वर्गीकरणानुसार कॉकेशियन आहोत, असा थिंद यांचा दावा होता. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल न्यायालयाने एकमताने दिला. दाव्याचा आधार उच्च जातीच्या आर्य रक्तशुद्धीचाही होता, हे कटू सत्य भारतीय वाचकाने नजरेआड करू नये. वंशभेदाविरुद्ध लढताना जातिभेदाचा आधार घेतला गेला, आणि तोही उपयोगी पडला नाही.

थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव सखाराम गणेश पंडित. ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत आणि १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरच दावा लावला. त्यांनी वेगळी वाट धरली. नागरिकत्वाच्या भरवशावर मी मायदेशातले हक्क सोडले, व्यवसाय उभारला, घर घेतले, लग्न केले. इतक्या वर्षांनी सरकारला शब्द फिरवता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. १९२६ साली अपील न्यायालयाने ते मान्य केले, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. सॅन फ्रान्सिस्कोतले हिंदी व्यापारी वैष्णो दास बगाई यांच्या वाट्याला हे यश आले नाही. नागरिकत्व गेले, त्यामागोमाग मालमत्ता गेली, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

शेतकरीही या भरभराटीबाहेर होता. युद्धात युरोपला धान्य पुरवण्यासाठी त्याने कर्ज काढून जमीन आणि ट्रॅक्टर घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज राहिले. शेतमालाला आधार देणारे विधेयक संसदेने दोनदा मंजूर केले. अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा ते फेटाळले. १९२१ ते १९२९ या सुबत्तेच्या काळात पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, त्यांतल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या छोट्या बँका होत्या. १९३० सालीही दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती.

हप्त्यांची सवय वस्तूंवरून जमिनीवर कशी गेली, ते फ्लोरिडात दिसले. मोटार आल्यामुळे उत्तरेतला मध्यमवर्गीय हिवाळ्यात मायामीला येऊ लागला होता. १९२४-२५ मध्ये तिथे भूखंडांचा बाजार पेटला. दहा टक्के विसार भरायचा, पावती घ्यायची, आणि महिन्याभरात पहिला मोठा हप्ता यायच्या आत ती पावतीच दुसऱ्याला चढ्या भावाने विकायची. भररस्त्यात उभे राहून तरुण दलाल या पावत्या विकत. जमीन बघायला कोणी जात नसे. काही भूखंड चक्क दलदलीत होते. कोरल गेबल्स या नव्या वसाहतीच्या प्रचारासाठी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यासारखा माजी परराष्ट्रमंत्री भाषणे देत होता. बोस्टनमध्ये १९२० साली हजारोंना ठकवून तुरुंगात जाऊन आलेला चार्ल्स पाँझीही फ्लोरिडात भूखंड विकायला आला. १९२५ अखेर रेल्वे मालाने तुंबली. १० जानेवारी १९२६ रोजी ‘प्रिन्स वाल्देमार’ हे जहाज मायामी बंदराच्या तोंडाशी उलटले आणि बांधकामाचा माल अडकला. १८ सप्टेंबरला चक्रीवादळाने उरलेसुरले संपवले. विसाराच्या पावत्यांची साखळी उलटी फिरली आणि अनेकांची जमीन मूळ मालकाकडे परत गेली.

याचा धडा कोणी घेतला नाही. शेअर बाजारातही तोच व्यवहार चालू होता: थोडे पैसे स्वतःचे, बाकीचे दलालाचे, आणि तारण म्हणून तेच शेअर. आरसीए या रेडिओ कंपनीने तोवर एकही लाभांश दिला नव्हता, तरी तिचा शेअर १९२८ या एका वर्षात ८५ डॉलरवरून ४२० वर गेला. दलालांकरवी दिलेली कर्जे १९२९ च्या शरदात ८ अब्ज डॉलरच्या वर पोहोचली. त्याच ऑगस्टमध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या गृहिणींच्या मासिकात एक मुलाखत छापून आली. प्रत्येकाने श्रीमंत व्हायला हवे, असे तिचे शीर्षक. दरमहा १५ डॉलर चांगल्या शेअरांत घाला, वीस वर्षांत ८० हजार डॉलर होतील, असा हिशेब त्यात मांडला होता. मांडणारे होते जॉन रॅस्कॉब. ३ सप्टेंबरला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर गेला. २९ ऑक्टोबरला एका दिवसात १ कोटी ६४ लाख शेअर विकले गेले. जुलै १९३२ मध्ये निर्देशांक ४१ वर होता.

पण शेअर बाजारात पैसे गुंतवलेली माणसे देशाच्या लोकसंख्येत फार थोडी होती. मग सामान्य घराने १९३० साली हात का आखडता घेतला? अर्थशास्त्रज्ञ मार्था ऑल्नी यांनी दिलेले उत्तर पटण्यासारखे आहे. त्या काळच्या करारांत हप्ता चुकला की कंपनी वस्तू ओढून नेई आणि तोवर भरलेले सगळे पैसे बुडत. दहा हप्ते भरलेल्या माणसाला अकरावा चुकवणे परवडणारे नव्हते. नोकरीची खात्री राहिली नाही, तेव्हा कुटुंबांनी मोटार वाचवण्यासाठी बाकी सगळी खरेदी थांबवली. सेलिग्मन यांनी ज्या शिस्तीचे कौतुक केले होते, तीच शिस्त आता दुकाने ओस पाडू लागली. दुकाने ओस पडली म्हणून कारखाने थांबले, कारखाने थांबले म्हणून हप्ते थकले. शिवाय उत्पादन ज्या वेगाने वाढले त्या वेगाने मजुरी वाढली नव्हती. ब्रुकिंग्ज संस्थेच्या अभ्यासानुसार १९२९ सालीही जवळपास ६० टक्के कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न २ हजार डॉलरच्या आत होते. ती तफावत काही वर्षे कर्जाने भरून काढली होती.

म्हणून या दशकाला बेफिकीर लोकांची मौज म्हणून हिणवणे बरोबर नाही, आणि सुवर्णकाळ म्हणून मिरवणेही बरोबर नाही. कष्टकरी माणसाच्या घरात वीज, संगीत आणि प्रवास पहिल्यांदा आला तो याच काळात, आणि ते यश खरे आहे. ते कोणाला वगळून आले आणि कोणत्या करारावर सही करून आले, हे त्याच्याबरोबरच वाचायला हवे.

त्या दशकाने अर्धवट सोडलेली कामे पुढे एकेक करून उरकावी लागली. बँकांतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण १९३३ च्या कायद्याने मिळाले. उसन्या पैशांवर शेअर किती घेता येतील, हे ठरवण्याचा अधिकार १९३४ साली मध्यवर्ती बँकेकडे आला. थिंद यांना १९३६ साली माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली नागरिकत्व मिळाले, बाकी हिंदी लोकांना १९४६ साली, तेही वर्षाला शंभरांच्या कोट्यासह. १९२४ ची कोटापद्धत १९६५ साली रद्द झाली. आज न्यू जर्सीत आणि शिकागोत राहणाऱ्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली मोठी पिढी अमेरिकेत गेली ती त्यानंतर.